नेट जोडून देणाऱ्या दादांना, कर्वेनगरच्या भाडेकरूंकडून

दादा, सप्रेम नमस्कार.

आपल्या गल्लीत खोली घेणारे करार अकरा महिन्यांचा करतात, पण राहतात बऱ्याचदा तीन-चार महिनेच. कुणाची इंटर्नशिप असते, कुणाचा परीक्षेआधीचा क्लास, तर कुणाच्या घरचं बांधकाम चालू असतं. अशा माणसापुढे सगळीकडे आधी वर्षाचा प्लॅन ठेवला जातो. तुम्ही मात्र आधी विचारता, "किती महिने आहात?" आणि मगच प्लॅन सांगता. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार मानायला हे पत्र.

पावतीच्या मागच्या बाजूला तुम्ही जो हिशेब मांडून देता, तो आता इथे सगळ्यांना पाठ आहे. नव्याने येणाऱ्यांसाठी तो इथे उतरवून ठेवतो. जाहिरातीतल्या दरात सहसा जीएसटी धरलेला नसतो. ४९९ रुपयांच्या प्लॅनवर १८ टक्के धरले की महिन्याला ५८८.८२ रुपये होतात. दरमहा रिचार्ज करायचा तर वायर ओढण्याचे पैसे वेगळे लागतात. ते १,००० धरले तर करासकट १,१८०. म्हणजे तीन महिन्यांचे एकूण २,९४६ आणि चार महिन्यांचे ३,५३५ रुपये. सहा महिने एकदम भरले तर इन्स्टॉलेशन बहुधा माफ असतं, आणि ती रक्कम ३,५३३ येते. चार महिने नक्की राहणार असाल तर सहाचाच भरावा, वरचे दोन महिने हाताशी राहतात. तीनचीच खात्री असेल तर दरमहाच बरा, कारण मध्येच सोडलं तर उरलेल्या महिन्यांचे पैसे बहुतेक प्लॅनमध्ये परत मिळत नाहीत. ही शेवटची गोष्ट पैसे घेण्याआधी स्पष्ट सांगणारी माणसं फार थोडी, आणि तुम्ही त्यांतले आहात.

राउटरच्या डिपॉझिटची वेगळी पावती तुम्ही न मागता देता. ती इन्स्टॉलेशनच्या पावतीत मिसळली की निघताना परतावा मागायला हातात काही उरत नाही.

पण सगळ्यात जास्त पैसे वाचले ते तुमच्या दुसऱ्या सवयीमुळे. नवी वायर ओढायच्या आधी तुम्ही खोलीत जुनी वायर शोधता. आधीच्या भाडेकरूची फायबर, म्हणजे प्रकाशातून नेट आणणारी काचेची वायर, बहुतेक वेळा जागेवरच असते: खिडकीपाशी, डक्टच्या (इमारतीत वायरी नेण्याच्या पोकळीच्या) तोंडाशी, कधी माळ्यावर गुंडाळलेली. ती चालली तर ओढण्याचा खर्चच उरत नाही, आणि मग दोन महिन्यांसाठीही घरचं नेट परवडतं. फक्त आधीच्या माणसाचं खातं बंद व्हावं लागतं. मोडेमचा सिरियल नंबर त्याच्या नावावर अडकलेला असला तर वायर चांगली असूनही नवं कनेक्शन चालू होत नाही.

मिळालेली वायर तुम्ही ज्या पद्धतीने तपासता, ते बघण्यासारखं असतं. आधी टोक पुसून प्रकाश मोजणाऱ्या मीटरला लावायचं. उणे २० डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायच्या एककाच्या)  आसपास आकडा आला की काम झालं. उणे २७ च्या खाली गेला की मोडेमवरचा लाल दिवा लागतो, किंवा नेट दिवसातून दहादा तुटतं. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे उणे २० आणि उणे २९ यांत आठपटीचा फरक पडतो. आकडा पडलेला असला की तुम्ही लाल लेसरचं पेन टोकाला लावून खोलीतला दिवा बंद करता. सरकत्या खिडकीच्या चौकटीत वायर जिथे चेपली आहे, तिथे पांढऱ्या वेष्टनातून लाल ठिपका उजळतो. खिडकी दर वेळी त्याच जागी वायर दाबते, काच तीव्र वाकते आणि प्रकाश पुढे जायच्या ऐवजी तिथूनच बाहेर निसटतो. तेवढा तुकडा कापायचा, नवा कनेक्टर बसवायचा आणि वायर खिडकीऐवजी एसीच्या भोकातून आत घ्यायची. वीस मिनिटांचं काम आहे, पण ते न करता नवी वायर ओढून बिल लावणंही सोपं असतं. तुम्ही तसं करत नाही.

हिरव्या कनेक्टरला निळा जोडू नका, हेही तुम्हीच शिकवलंत. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं आणि निळ्याचं सरळ. दोन्ही एकमेकांत बसतात, पण मध्ये फट राहते आणि आकडा लगेच पडतो.

दिवे गेल्यावर मोडेम चालू राहावा म्हणून छोटा यूपीएस घेताना अडॉप्टरवर १२ व्होल्ट आहे की ९, ते आधी वाचायला सांगता. त्या एका सूचनेने कितीतरी राउटर वाचले असतील.

ज्याला जेमतेम महिनाभर राहायचं आहे, त्याला तुम्ही सरळ सांगता की घरचं नेट घेऊ नका, मोबाइलचा हॉटस्पॉट वापरा. मात्र रोजच्या मीटिंग असतील तर तासाला एक-दीड जीबी सहज जातो आणि रोजचा २ जीबीचा प्लॅन दुपारीच संपतो, हेही सोबत सांगता. स्वतःचं गिऱ्हाईक जातंय हे दिसत असूनही तुम्ही खरं सांगता, याची आम्हांला फार किंमत आहे.

खोली सोडताना काय करायचं, तेही तुम्ही सांगून ठेवलंय. आठ दिवस आधी लेखी कळवायचं आणि तक्रार क्रमांकासारखाच बंद करण्याचा विनंती क्रमांक मागून घ्यायचा. यूपीआयचं ऑटोपे स्वतः बंद करायचं, कारण कनेक्शन बंद झालं म्हणून ते आपोआप थांबेलच असं नाही. राउटर देताना अडॉप्टरही द्यायचा, सिरियल नंबरचा फोटो काढायचा आणि परत दिल्याची सही घ्यायची. अडॉप्टर राहिला म्हणून डिपॉझिट कापलं जाण्याचे प्रकार होतात.

आता आम्ही सगळ्यांनी आपसांत ठरवलंय ते असं. जो खोली सोडेल, त्याने वायर तोडायची नाही. टोकाला प्लॅस्टिकची टोपी लावायची, तळहाताएवढी सैल गुंडाळी करायची आणि चिकटपट्टीवर जिन्यातल्या जोडणीच्या पेटीचा नंबर व पोर्ट (पेटीतलं आपल्या वायरचं भोक) लिहून ती डक्टपाशी टांगून ठेवायची. पुढच्या खोलीत याल तेव्हा तुम्हांला ती शोधावी लागू नये.

आपले,
गल्लीतले सगळे भाडेकरू