निर्जंतुक पाकिटाला स्टेपलर मारू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खड्डे, पाणी, घंटागाडी यावर आपल्याकडे पत्रं येतच असतात, आज मी पिशव्यांवर लिहितोय. भाजीच्या नाही हां. मी अंबड एमआयडीसीत एका पॅकेजिंग युनिटला क्वालिटीला आहे, आमच्याकडे क्लीनरूम पिशव्या, म्हणजे हवेतली धूळ गाळून काढलेल्या बंद खोलीत बनवलेल्या पिशव्या, बनतात; इंजेक्शनचं सामान, औषध कंपन्यांची पावडर, सर्किट बोर्ड असला धुळीचा कणही न चालणारा माल ज्यात जातो त्या.

परवा शेजारच्या आजोबांसाठी लघवीची नळी आणायला एका मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवरच्या पोराने नळीचं पाकीट काढलं, वर बिल ठेवलं आणि खटकन स्टेपलर मारला, आरपार. म्हटलं अरे बाबा हे काय केलंस, तर म्हणतो, "काका, नळीला कुठं लागलीय पिन, कडेला मारलीय." मी दुसरं पाकीट मागून घेतलं, तर त्याने ते पिनवालं परत ड्रॉवरमध्ये टाकलं! म्हणजे ते उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जाणार.

नळीला पिन लागली नाही हे खरंय, पण पाकिटाला दोन भोकं पडली त्याचं काय? अशा पाकिटाची एक बाजू पारदर्शक फिल्मची असते आणि दुसरी कागदासारखी. नळी आधी पाकिटात सील करतात, मग खोकीच्या खोकी चेंबरमध्ये ठेवून एथिलीन ऑक्साइड गॅस सोडतात, गॅस त्या कागदी बाजूने आत जातो, जंतू मारतो आणि नंतर तिथूनच बाहेर काढला जातो, पण जंतूंना मात्र त्या वाटेने आत शिरता येत नाही इतकी ती बाजू दाट असते. एकदा हे झालं की पुढे आतला माल निर्जंतुक ठेवायचं काम फक्त त्या पाकिटाचं. वर छापलेली एक्सपायरी पाकीट शाबूत असेल तरच धरायची. लेबलवर उघड्या खोक्याचं चित्र आणि त्यावर काट मारलेला गोल असतो बघा, त्याचा अर्थ एवढाच की पाकीट खराब झालं असेल तर वापरू नका.

या पिशव्या बनवायला काय लागतं ते सांगतो, म्हणजे मला एवढा राग का आला ते कळेल. प्लास्टिकचा दाणा व्हर्जिनच, म्हणजे कोराच लागतो, भंगार वितळवून केलेला चालत नाही. साधी पिशवी चटकन उघडावी म्हणून तिच्या प्लास्टिकमध्ये इरुकामाइड नावाचं मेणचट केमिकल घालतात, ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि आतल्या मालाला लागतं, म्हणून आमच्याकडे ते बंद, मग पिशव्या एकमेकींना चिकटतात आणि उघडताना पोरी वैतागतात. वितळलेलं प्लास्टिक फुगवून फिल्म करायला लागते ती हवासुद्धा फिल्टरमधून घ्यायची. आयएसओ ७ क्लासच्या (हा स्वच्छतेचा आंतरराष्ट्रीय दर्जा) खोलीत एका घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि त्याहून मोठे कण ३,५२,००० पेक्षा जास्त चालत नाहीत, ऐकायला खूप वाटतात पण साध्या खोलीत याच्या शंभरपट सहज असतात, आणि त्या खोलीत सगळ्यात जास्त कण सोडणारं मशीन म्हणजे माणूस, आपली कातडी, केस, कपड्यांचे धागे. त्यामुळे पावडर, काजळ, नेलपॉलिश, गजरा सगळं बाहेर. नवरात्रात आमच्या बायका हौसेने त्या त्या दिवसाच्या रंगाची साडी नेसून येतात आणि चेंजरूममध्ये ड्रेस बदलून, वर पांढरा गाऊन चढवून आत जातात, फोटो काय तो गेटवरच.

आणि एवढं करून माल निघाला की शेवटच्या पाच-दहा किलोमीटरमध्ये त्याची वाट लागते. मेडिकलवाले पाकिटांना करकचून रबर लावतात, ड्रॉवरमध्ये मावत नाही म्हणून मधोमध दुमडतात, कागदी बाजूवर बॉलपेन दाबून किंमत लिहितात. पावसाळ्यात टेम्पोची ताडपत्री गळते, खोकं भिजतं, मग पंख्याखाली वाळवून परत रॅकवर. कागदी बाजू एकदा भिजली की ती वाळली तरी पाकिटाचा भरवसा गेला, हे कोणी सांगतच नाही.

कारखान्यांत पण आनंदच आहे. आम्ही डबल पिशवी देतो ती काही उगाच नाही, बाहेरची पिशवी ट्रकची नि गोडाऊनची धूळ खाते, ती एअरलॉकमध्ये, म्हणजे स्वच्छ खोलीच्या आधीच्या दोन दारांच्या छोट्या खोलीत काढायची आणि आतली पुसून स्वच्छ खोलीत न्यायची. काही ठिकाणी स्टोअरवाले नग मोजायला म्हणून दोन्ही पिशव्या स्टोअरमध्येच फाडतात आणि मग मालात कण सापडला की आम्हाला रिजेक्शनचा मेल. इलेक्ट्रॉनिक्सवाले चंदेरी पिशवीतून बोर्ड काढून त्याच पिशवीवर ठेवतात, अहो ती स्टॅटिक, म्हणजे बोर्ड खराब करणारी घर्षणाची वीज, अडवते ती बोर्ड आत असताना, वर ठेवून काय उपयोग? आपल्याच जिल्ह्यात एक्सपोर्टची द्राक्षं भरताना मण्यावरची पावडर पुसली जाऊ नये म्हणून घड देठाला धरून उचलतात, म्हणजे जपायचं कसं ते नाशिककरांना काही शिकवायला नको.

काहीजण मला म्हणतात तुमचा धंदाच प्लास्टिकचा, तुम्ही काय बोलता. राज्यातली २०१८ ची प्लास्टिकबंदी मला मान्य आहे, भाजीला मी कापडी पिशवीच नेतो, पण त्या बंदीतही औषधांच्या पॅकिंगला सूट ठेवली होती ती काहीतरी विचार करूनच ना. हां, एक मात्र कबूल, डबल पिशवीतली बाहेरची पिशवी साध्या चांगल्या प्लास्टिकची असते, ती कारखान्यांनी वेगळी गोळा केली तर परत दाणा बनवता येईल, आज ती चहाच्या कपांबरोबर कचऱ्यात जाते.

औषध विक्रेत्यांच्या संघटनेने आपल्या सभासदांना निदान एवढा मेसेज पाठवावा की निर्जंतुक मालाला पिन, रबर, पेन काही नको, बिल वेगळं द्या नाहीतर वरच्या खाकी पाकिटाला टाचा. हॉस्पिटलच्या स्टोअरवाल्यांनी भिजलेलं खोकं आलं तर सही न करता परत पाठवावं. आणि पेशंटच्या नातेवाइकांनी सिरिंज, नळी, ड्रेसिंग काहीही घेताना पाकीट उजेडात धरून सील चारही बाजूंनी बघावं, भोक, चुणी, डाग दिसला तर बदलून मागावं. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

आपला एक वाचक,
सिडको, नाशिक