आधी हार्ड डिस्क तपासा, मग ‘फॉरमॅट’ मारा

संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार.

घरातला संगणक संथ झाला की आपण तो उचलून जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात नेतो आणि तेथे बहुधा एकच निदान ऐकू येते : ‘विंडोज उडाले आहे, फॉरमॅट मारावा लागेल’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने घालावे लागेल. हे निदान कधी कधी बरोबरही असते. परंतु ते करण्यापूर्वी हार्ड डिस्क धड आहे की नाही हे पाहण्याची पाच मिनिटांची तसदी फारसे कोणी घेत नाही आणि गिऱ्हाइकालाही ती मागावी हे ठाऊक नसते. मलाही ठाऊक नव्हते. त्याची जी किंमत मोजली, तिच्यावरून इतरांनी सावध व्हावे एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात देखभाल विभागात बत्तीस वर्षे नोकरी केली. निवृत्तीनंतर आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचे काम अंगावर घेतले. आमची स्वतःची कागदपत्रे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात नारायण पेठेतील बिऱ्हाडासह गेली. त्यामुळे वाई, सातारा, चिपळूण अशा ठिकाणच्या नातलगांकडून जुन्या वह्या आणून, त्या पानापानाने स्कॅन करून परत करायच्या, असा क्रम गेली नऊ वर्षे चालू होता. सुमारे अकराशे पाने आणि शंभरेक छायाचित्रे घरच्या संगणकाच्या एक टेराबाइटच्या डिस्कवर, ‘डी’ ड्राइव्हमध्ये होती. दुसरी प्रत नव्हती. पुराने एकदा सर्व नेल्यानंतरही ती मी केली नाही, यासाठी दोष माझाच आहे आणि त्याबद्दल घरात पुरेसे ऐकूनही झाले आहे.

गेल्या डिसेंबरात संगणक सुरू व्हायला दहा-दहा मिनिटे घेऊ लागला. एखादे साधे छायाचित्र उघडताना पडदा गोठायचा आणि मिनिटभराने काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा हलू लागायचा. कोणता भाग किती काम करतो आहे हे दाखवणाऱ्या विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के व्यग्र दिसे, पण प्रत्यक्षात वाचली जाणारी माहिती सेकंदाला काही किलोबाइट. डिस्कचे दुखणे ओळखायला खरे तर एवढी खूण पुरेशी होती. प्रोसेसर रिकामा, मेमरी रिकामी आणि डिस्क मात्र काहीही न देता राबते आहे, याचा अर्थ ती एकच जागा पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते आहे. कारखान्यात बेअरिंगवर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवून मूठ कानाशी धरून बिघाड ओळखणाऱ्या माणसाला हे कळायला हवे होते. पण संगणक हे आपले क्षेत्र नव्हे, या समजुतीने मी तो मध्यवर्ती पेठेतील एका दुकानात दिला.

दुकानातील मुलाने झाकण न उघडता वर लिहिलेले वाक्य उच्चारले. माझी कागदपत्रे आत आहेत असे सांगितल्यावर तो म्हणाला, ‘काका, डी ड्राइव्हला हात लावत नाही, फक्त सी उडवतो.’ माझे समाधान झाले. अनेक वाचकांचेही होईल, म्हणून येथे थोडे थांबतो. संगणकात एकच डिस्क असेल, तर ‘सी’ आणि ‘डी’ या दोन वेगळ्या वस्तू नसतात. एकाच घराला मध्ये पार्टिशन घालून केलेल्या त्या दोन खोल्या आहेत. चकत्या त्याच, त्या फिरवणारी मोटर तीच आणि त्यांवरून सरकत माहिती वाचणारी-लिहिणारी हेडे तीच. एका खोलीला वाळवी लागली असताना दुसरी सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. शिवाय विंडोज नव्याने घालताना डिस्कला तासन्‌तास काम करावे लागते, ते वेगळेच.

संगणक संध्याकाळी परत मिळाला आणि चक्क वेगाने चालू लागला. दुकानदाराचे निदान बरोबर ठरले असे मीही चार जणांना सांगितले. यात जो चकवा आहे तो समजून घेण्यासारखा आहे. डिस्कवरील माहिती सेक्टर नावाच्या लहान लहान कप्प्यांत असते आणि कारखान्यातूनच डिस्कला काही राखीव कप्पे दिलेले असतात. एखादा कप्पा वाचता आला नाही तर डिस्क त्याची ‘निर्णय प्रलंबित’ म्हणून नोंद ठेवते. आतील माहिती अजून हवी असेल, या आशेने ती तो लगेच टाकून देत नाही. त्या जागी नवे काही लिहिले गेले की मात्र ती निर्णय घेते : लिहिणे जमले तर कप्पा चांगला ठरतो, न जमले तर त्याच्या जागी राखीव कप्पा येतो. म्हणजे विंडोज नव्याने घातले की अडखळणाऱ्या जागा तेवढ्यापुरत्या नाहीशा होतात आणि यंत्र सुधारल्यासारखे वाटते. दुखणे जेथल्या तेथे असते. फॉरमॅटचा ‘गुण येतो’ तो अनेकदा अशा रीतीने.

तीन आठवड्यांनी ‘डी’ ड्राइव्ह उघडेना. मी पुन्हा त्याच दुकानात फोन केला. त्यांनी फोनवरूनच ‘चेक डिस्क’ दुरुस्तीसह रात्रभर चालवायला सांगितले आणि मी ते केले. माझ्या मते सर्वांत मोठी चूक हीच. ही सोय निरोगी डिस्कवरील, कोणती फाइल कोठे आहे याची विस्कटलेली नोंदवही नीट लावण्यासाठी आहे. ज्या डिस्कचे कप्पेच वाचता येत नाहीत तिच्यावर ती चालवली, तर नोंदी जुळत नाहीत म्हणून फायलींचे तुकडे सुटे करून एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले जातात, त्यांची नावे जातात, आणि मरणोन्मुख यंत्राला रात्रभर धावडवले जाते. पहाटे आवाज आला. खट्, क्षणभर शांतता, पुन्हा खट्. हेडाला आपली जागा सापडत नाही, ते मागे जाऊन पुन्हा शोधायला निघते, त्याचा तो आवाज असतो. घरगुती संगणकांतील फिरत्या चकतीची डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. ७,२०० म्हणजे सेकंदाला १२०. त्या वेगाने फिरणाऱ्या चकतीपासून हेड केवळ काही नॅनोमीटर उंचीवर, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगत असते. हे एकदा समजले की त्या आवाजानंतर संगणक चालू ठेवण्याचा धीर होत नाही. मी मुख्य बटण बंद केले.

दुसऱ्या दिवशी हिंजवडीत नोकरी करणारा माझा पुतण्या आला. त्याने पेन ड्राइव्हवरून ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत मिळणारा छोटा प्रोग्रॅम चालवला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ नावाच्या व्यवस्थेत सतत ठेवत असते आणि हा प्रोग्रॅम ती वाचून दाखवतो. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. आमचा पिवळा होता. पाहायच्या ओळी मोजक्याच आहेत : ०५ म्हणजे बदललेले कप्पे, सी-५ म्हणजे प्रलंबित कप्पे आणि सी-६ म्हणजे दुरुस्त न होणारे कप्पे. हे तिन्ही आकडे शून्य असावेत. सी-७, म्हणजे माहितीच्या देवाणघेवाणीतील चुकांचा आकडा, वाढलेला असेल, तर मात्र दोष बहुधा डिस्कचा नसून तिला जोडणाऱ्या साटा केबलचा असतो आणि ती केबल पुण्याच्या तपकीर गल्लीत किरकोळ किमतीत मिळते. चांगली डिस्क फेकून देण्याआधी ही एक ओळ अवश्य पाहावी. आकडे वाचताना मी फसलो, तेही सांगतो. माझ्या सी-५ समोर १३८ दिसत होते. पुतण्याने दाखवून दिले की हा प्रोग्रॅम आकडे मुळात दहाऐवजी सोळा हा पाया धरणाऱ्या (हेक्साडेसिमल) पद्धतीने दाखवतो; खरी संख्या ३१२ होती. ती दशमान पद्धतीत दाखवण्याची सोय त्याच्या मेनूमध्ये आहे. त्याच तक्त्यात डिस्क एकूण २३,१०० तास चालल्याची नोंद होती. एवढ्या तासांनंतर कारखान्यात कोणत्याही यंत्राचे बेअरिंग मी न उघडता सोडले नसते.

या तक्त्यावर आंधळा विश्वास मात्र ठेवू नये. गूगलच्या अभियंत्यांनी आपल्याकडील लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता, तशी चूक न आढळलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट असल्याचे त्यात दिसले. पण निकामी झालेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी तापमान वगळता एकाही बाबतीत आधी इशारा दिलेला नव्हता. तेव्हा पिवळा रंग दिसला तर त्याच दिवशी प्रत काढावी, आणि निळा दिसला म्हणून प्रत काढायचे टाळू नये. आजकालच्या एसएसडीमध्ये, म्हणजे चकत्यांऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कमध्ये, तर फिरणारे काहीच नसल्याने आवाजाचाही इशारा मिळत नाही.

पुढचे काम पुतण्याने केले. संगणक विंडोजमधून सुरू न करता पेन ड्राइव्हवरील लिनक्स या विंडोजसारख्याच दुसऱ्या प्रणालीतून सुरू केला आणि ‘डीडीरेस्क्यू’ या मोफत प्रोग्रॅमने जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत नव्या डिस्कवर घेतली. हा प्रोग्रॅम सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो, अडलेल्या जागांपाशी हटून बसत नाही, त्यांची नोंद ठेवून शेवटी त्यांच्याकडे वळतो आणि मध्येच थांबवला तरी तेथून पुढे सुरू करता येतो. कोणताही जाणता मेकॅनिक असेच काम करील. दोन दिवस आणि दोन रात्री लागल्या. दरम्यान सोसायटीतील एका सद्‌गृहस्थांनी डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला दिला. तो आपुलकीने दिलेला असला तरी कोणी ऐकू नये. बाहेर काढताच आत दव धरते आणि उरलेसुरले हेडही चकतीला चिकटू शकते.

दुकानदारांची बाजूही मी ऐकली आहे. तपासणीचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसते, संगणक त्याला संध्याकाळपर्यंतच हवा असतो आणि फॉरमॅटचे सहाशे रुपये मात्र तो कुरकुर न करता देतो. हे खरे आहे, मीही तेच केले. तरीही माझी मागणी फार मोठी नाही. संगणक ताब्यात घेताना पावतीवर डिस्कच्या वर सांगितलेल्या चार ओळींतील आकडे लिहावेत आणि ‘माहितीची प्रत आहे किंवा नाही’ यापुढे गिऱ्हाइकाची सही घ्यावी. ‘नाही’ असेल तर प्रथम प्रत काढण्याचे वेगळे पैसे खुशाल सांगावेत. वाहन सर्व्हिसिंगला देताना किलोमीटरचा आकडा आणि टाकीतील पेट्रोल जॉब कार्डावर लिहून घेतात, त्यात कोणाला अपमान वाटत नाही. शहरातील ज्येष्ठ नागरिक संघांनी एखाद्या साप्ताहिक बैठकीत हा तक्ता कसा वाचायचा एवढे जरी दाखवले, तरी पुष्कळ घरांतील कागदपत्रे वाचतील. त्याला अर्धा तास पुरे. मी राहतो त्या भागात तो घालवायला मी स्वतः तयार आहे.

आमच्या अकराशे पानांपैकी ४१ पाने मिळाली नाहीत. ती सर्व वाईच्या शाखेची, एकाच वहीतील आहेत. ती वही माळ्यावरच्या ट्रंकेत असावी असे वाईच्या वहिनी म्हणतात; पाऊस उघडला की मी तेथे जाणार आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त देखभाल कर्मचारी
कोथरूड, पुणे