मुंबई ते न्यूयॉर्क : तासांचा हिशेब

न्यू जर्सी

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

जूनचं तिकीट काढण्याआधी एवढं वाचा. वेळापत्रकातल्या वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात, त्यामुळे नुसती वजाबाकी करून प्रवास किती तासांचा ते कळत नाही. समजा, थेट विमान मुंबईहून रात्री १.३० ला सुटून न्यूयॉर्कला त्याच तारखेला सकाळी ८ ला पोचतं. दिसायला साडेसहा तास. पण जूनमध्ये इथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, ते मिळवा. खरे सोळा तास झाले. थंडीत हाच फरक साडेदहा तासांचा होतो. परतताना वजा करायचे. सकाळी ११.३० ला निघून दुसऱ्या दिवशी ११.३० ला मुंबई, म्हणजे साडेचौदा.

वाट तीच, मग दीड तास कुठे गेला? दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. इकडे येताना तो तोंडावर, जाताना पाठीशी.

अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर. बाबा, माळ्यावरचा पृथ्वीगोल काढा. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबून दुसरं न्यूयॉर्कपर्यंत ताणा. दोरा इजिप्तवरून जात नाही, रशिया, नॉर्वे, आइसलंड असा वर चढून खाली उतरतो. सपाट नकाशावरची सरळ रेघ याहून सतराशे-अठराशे किलोमीटर लांब पडते. मधल्या एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असली की विमान वळसा घेतं आणि वेळ वाढतो.

खरी अडचण मात्र आपल्याकडच्या टप्प्यात आहे. बेळगावच्या विमानतळावरून, म्हणजे सांब्र्याहून, मुंबई हवाई मार्गाने जेमतेम चारशे किलोमीटर, तासाभराचं काम. पण जूनच्या पावसात ढग खाली आले की ते विमान लांबतं किंवा रद्द होतं. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली आणि पुढचं विमान चुकलं, तर भरपाई कोणी देत नाही. शिवाय देशांतर्गत तिकिटावर बहुधा १५ किलोच सामान फुकट, आणि अमेरिकेच्या तिकिटावर अनेकदा २३ किलोच्या दोन बॅगा. जास्तीच्या वजनाचे पैसे सांब्र्यालाच मोजावे लागतील, बॅगाही मुंबईत उतरवून पुन्हा द्याव्या लागतील. म्हणून एजंटला विचारा, 'बेळगावपासून एकाच पीएनआरवर मिळतं का?' मिळत नसेल तर आदल्या रात्रीच्या बसने जा. निपाणी, कोल्हापूर, पुणे करत पाचशे किलोमीटर होतात, पण हाताशी अख्खा दिवस राहतो. माझं मत बसलाच.

आई, तुझी बीपीची गोळी चोवीस तासांनी असते, ती विमानात कुठल्या वेळी घ्यायची ते डॉक्टरांना आधी विचारून ठेव. हातातलं घड्याळ न्यूयॉर्कला उतरेपर्यंत बदलू नकोस. गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. चेक-इन बॅगेत नकोत.

पैसे भरण्याआधी तिकिटाचा फोटो मला पाठवा.

तुमची,
लेक