मोरोशीच्या पुढचा पिवळा दिवा

आदरणीय अण्णा,

साष्टांग नमस्कार.

फोन केला की तुम्ही "बरं बरं, गाडी चालतेय ना?" एवढं म्हणून ठेवून देता. आभार मानायला जागाच देत नाही, म्हणून लिहायला बसलो. नातू वाचून दाखवेल. चारचौघांत लिहितोय कारण जुन्या पिकअपवर पोट असलेले माझ्यासारखे पुष्कळ आहेत आणि त्यांचेही पैसे माझ्यासारखेच जात असणार.

माझ्या पिकअपचा इंजिनचा पिवळा दिवा आठ महिने पुन्हापुन्हा लागत होता. त्या दिवशी मी आळेफाट्याला तुमच्या मुलाच्या दुकानात नवी बॅटरी घ्यायला आलो होतो. एका गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, बॅटरी उतरली की सेन्सर वेडे होतात. तुम्ही कोपऱ्यात चहा पीत बसला होता. उठलात, माझ्या जुन्या बॅटरीला व्होल्टचं मीटर लावलात आणि म्हणालात, "बारा पॉइंट सहा. हिला काय धाड भरलीय?" मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. दारात आलेलं गिऱ्हाईक बापानेच परत पाठवलं.

मग तुम्ही विचारलंत, "दिवा कधी लागतो?"

अण्णा, आठ महिन्यांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. सगळे विचारायचे, कोड काय आला, म्हणजे गाडीच्या कंप्युटरने बिघाडाचा कुठला नंबर नोंदवला. कोड मला पाठ होते. पी ०१९२, डिझेलचा दाब मोजणाऱ्या रेल प्रेशर सेन्सरचा व्होल्टेज कमी. पी ०२३७, टर्बोच्या हवेचा दाब मोजणाऱ्या बूस्ट सेन्सरचा कमी. आणि अधूनमधून पी ०६४२, सेन्सरना पुरवला जाणारा व्होल्टेजच कमी. पहिल्या दोघांत एकेका सेन्सरचं नाव आहे, म्हणून ते दोन्ही सेन्सर बदलले गेले. रेलचा तर दोनदा. तिसऱ्या कोडकडे कोणी पाहिलं नाही. त्या नावाचा पार्ट दुकानात मिळत नाही ना! साडेअकरा हजार गेले आणि दर वेळी आठ-दहा दिवसांनी दिवा परत यायचा. गाडी रेस घेणं सोडून द्यायची, ओढ मरायची आणि मी दोन नंबर गिअरवर रांगत घर गाठायचो.

मी म्हणालो, "कल्याणहून येताना, मोरोशी सोडून घाट लागला की."

"येताना? म्हणजे रिकामा?"

इथेच तर सगळे फसले होते. जाताना सत्तर क्रेट टोमॅटो, म्हणजे चौदाशे किलो, तेव्हा दिवा नाही. येताना रिकामे क्रेट, आणि तेव्हा दिवा. लोडचा फॉल्ट असता तर जाताना यायला हवा होता. एकाने तर माझ्यावरच शंका घेतली, येताना तुम्ही गाडी पळवत असाल म्हणून. तुम्ही क्षणभर गप्प राहिलात आणि म्हणालात, "जाताना माळशेज उतरतोस. येताना चढतोस. वजन सोड, इंजिन कधी जोर लावतंय ते बघ."

माझा तो मोबाइलला जोडायचा स्कॅनर मी मोठ्या ऐटीत बाहेर काढला होता. दिवा लागला की त्याच्यावर कोड पुसायचो आणि पुढे जायचो. त्यावरून तुम्ही मला जे बोललात ते इथे सगळं लिहीत नाही. पण कोड येतो त्या क्षणाचा वेग, आरपीएम, पाण्याचं तापमान गाडी साठवून ठेवते आणि कोड पुसला की तेही पुसलं जातं, हे मला तेव्हा कळलं. "साक्षीदाराला तूच गावाबाहेर घालवलास," हे तुमचं वाक्य अजून टोचतं.

पुढचे तीन तास मी विसरणार नाही. रेल सेन्सरच्या प्लगला मागून मीटरची सुई लावली. चावी ऑन, इंजिन बंद: पाच व्होल्ट, अगदी बरोबर. मी मनात म्हटलं, झालं, इथेही काही सापडणार नाही. तुम्ही टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, मागवली, इंजिनखाली घातली आणि इंजिन एका बाजूला रेटलंत. मीटरवर पाचाचे शून्य पॉइंट तीन! सोडलं की पाच, रेटलं की शून्य पॉइंट तीन. मग एकेका सेन्सरचा प्लग काढून तेच केलंत, आतून कुठला शॉर्ट आहे का ते पाहायला. सगळे प्लग निघाले तरी व्होल्ट पडतच होते. म्हणजे सेन्सर सुटले, वायर सापडली.

मला कळावं म्हणून तुम्ही सांगितलंत की एका टाकीवर दोन नळ आहेत, टाकीलाच भोक पडलंय आणि तू नळ बदलत बसलास. त्या पाच व्होल्टच्या एका वायरवर दोन्ही सेन्सर चालतात. कंप्युटरला दोघांकडून कमी व्होल्ट येतात, तो बिचारा दोघांची नावं घेतो. तिसरा कोड टाकीचाच होता.

इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी फाउंडेशन दबलं होतं. रबर पार चेपलेलं. चढाला इंजिन वाकायचं, क्लिप तुटलेली वायरिंग मागच्या ब्रॅकेटवर घासायची आणि एका वायरचं तांबं उघडं पडलं होतं. हरभऱ्याएवढं, त्याहून जास्त नाही. गॅरेजच्या सपाट जमिनीवर गाडी उभी करून स्कॅनर लावणाऱ्याला ते दिसणार कसं?

वायरीला सोल्डरचा डाग दिलात, स्लिव्ह चढवलीत, वरून पन्हळी पाइप, नवी क्लिप. "आता रबर बदल, नाहीतर हीच वायर पुन्हा घासेल," म्हणून मला फाउंडेशन आणायला पिटाळलंत. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस दुसऱ्याच्या पिकअपखाली पाठ टेकून झोपला होता आणि मी टॉर्च धरून उभा होतो, याची लाज वाटली. तुम्ही चारशे रुपये मागितलेत. मी हजार पुढे केले तर सहाशे परत खिशात कोंबलेत.

त्यानंतर पूर्ण पावसाळा गेला. धुक्यात, दरडीच्या रांगेत थांबून, चिखलात, सगळ्या तऱ्हेने माळशेज चढलो. मोरोशी आली की नजर अजून आपोआप त्या दिव्याकडे जाते. बायको हसते.

काढून टाकलेले जुने सेन्सर तुम्ही त्याच दिवशी एकेक करून प्लगला लावून पाहिले होते. रेलचा इंजिन बंद असताना बरोबर अर्धा व्होल्ट देत होता. सगळे चांगले निघाले. ते गाडीच्या डब्यात फडक्यात बांधून ठेवलेत. परवा ओतूरच्या एका दूधवाल्याने त्यातला एक मागितला, त्याच्याही गाडीला पी ०१९२ येतोय. मी दिला नाही. तुमचा पत्ता दिला. येईल तो रविवारी, चहा तयार ठेवा.

तुमचा,
क्रेटवाला