खाडीकाठचा माणदेश

ऐरोली,
रविवार

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘आमच्या माणदेशात पावसाचा थेंब नाही आणि तुम्हाला तो ठेवायला जागा नाही’ हा टोमणा आईला वाचून दाखवला, तीही हसली. पण गड्या, तुमच्यासारख्याच कोरड्या मुलखातलं एक फुलपाखरू आमच्या ठाणे खाडीच्या काठी ठाण मांडून बसलंय.

त्याला स्मॉल सालमन अरब म्हणतात. आफ्रिका, अरबस्तान, आपल्याकडचे उन्हाचे, काटेरी झुडपांचे माळ हे त्याचं माहेर. आकार बेताचा, पंख पसरले तरी चार-पाच सेंटीमीटर. उघडे असताना गुलाबी-नारिंगी, काळ्या जाड किनारीचे; मिटले की पिवळट हिरवे. मग पानांत शोधत बस!

वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथं हे करतंय काय? सगळी करामत पिलूच्या झुडपाची. मिसवाकचं दातवण करतात ना, तेच. तिवरं, म्हणजे खाडीतली खारफुटीची झाडं, संपतात, भरतीचं पाणी क्वचितच पोचतं, त्या पट्ट्यात ते माजतं. जमीन दिसायला ओली, पण मातीत मीठ इतकं की मुळांना पाणी ओढणं मुश्किल. झाडाच्या लेखी तो दुष्काळच, आणि पिलूला दुष्काळाची सवय. एक पान चावून बघितलं, मोहरीसारखं झणझणलं. कोबीवरची पांढरी फुलपाखरं याच्याच कुळातली, त्यांनाही असलाच तिखटपणा मानवतो. मादी पानावर पुंजक्यानं अंडी घालते आणि अळ्या पंगतीला बसल्यागत एकत्र पानं फस्त करतात.

इथं कौतुक सगळं फ्लेमिंगोंचं. त्यांच्या नावानं २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसरचा दर्जाही मिळाला. चांगलंच झालं. तिवरांपासून ५० मीटरपर्यंत बांधकाम नको, असं उच्च न्यायालयानं २००५ मध्येच बजावलंय. पिलू नेमकं त्याच पट्ट्यात, पण डेब्रिजचा डंपर रात्री येतो, तो काय टेप लावून मोजतो? तिवर तोडलं तर निदान चार लोक ओरडतात. पिलू उपटलं की म्हणतात, बरं झालं, गचपण गेलं.

दिवाळीनंतर ये. सकाळी दहाच्या पुढं जाऊ, ऊन तापल्याशिवाय ती उडत नाहीत. तुमच्या ओढ्याकाठी पिलू आहे का, तेही बघून ठेव. आणि येताना बाजरी आण, इथलं तयार पीठ कडवट लागतं. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास