तळ्याकाठच्या मुरमाच्या वाटेला पेव्हर ब्लॉक नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाणथळ अभयारण्यांतल्या वाहनमुक्त वाटांवर ग्रॅव्हल सायकल चालवण्याविषयी आपल्या पुरवणीत कौतुकाने लिहून आले आणि त्यावर वाचकांची दोन टोकांची पत्रे छापून आली. काहींना सायकलींना सरसकट बंदी हवी आहे. काहींना सायकलस्वार यावेत म्हणून या वाटा 'नीटनेटक्या' करून हव्या आहेत, म्हणजे पेव्हर ब्लॉक, दिव्यांचे खांब, कठडे आणि बसायला बाके. मी स्वतः ही सायकल चालवतो आणि बंदीपेक्षा मला या नीटनेटकेपणाची भीती जास्त वाटते.

सायकलीपासून सुरुवात करतो. ग्रॅव्हल सायकल दिसते शर्यतीच्या सायकलीसारखी, खाली वळलेल्या हँडलची; पण तिचे टायर पंचवीस-अठ्ठावीस मिलिमीटरचे नसून चाळीस-पंचेचाळीसचे असतात. ट्यूबलेस बसवले तर बेताच्या वजनाच्या माणसाला तीस-पस्तीस पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा पुरते. एवढ्या कमी हवेचा टायर खड्यावर उडत नाही, खड्याभोवती दबतो. गिअर हलके असतात, डिस्क ब्रेक असतात. थोडक्यात, ही सगळी जुळवाजुळव केली आहे ती डांबर संपते तिथे जाण्यासाठी. तेव्हा हिच्यासाठी वाट गुळगुळीत करा असे कोणी म्हणत असेल, तर त्याने एकतर ही सायकल चालवलेली नाही किंवा त्याला पेव्हर ब्लॉकच्या कामात रस आहे.

यातली बहुतेक तळी नैसर्गिक नसतात, हेही लक्षात घ्यावे. बांध घालून अडवलेले पाणी, त्यावर वाढलेली पाणकणसे आणि लव्हाळी, आणि मग आलेले पक्षी असा क्रम असतो. बांध असला की त्याच्या देखभालीसाठी माथ्यावरून वाट असतेच. मुरूम पसरायचा, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, मधोमध किंचित उंचवटा ठेवायचा म्हणजे पाऊस दोन्ही कडांना वाहून जातो. मुरमातली बारीक माती खड्यांना धरून ठेवते आणि थोडे पाणी खालीही मुरते. सायकलींना वेगळी वाट बांधून द्यावी लागतच नाही, ती आधीच आहे. तिची डागडुजी वेळेवर व्हावी, एवढीच मागणी योग्य.

त्याच वाटेवर काँक्रीट ओतले की पाणी मुरायचे थांबते, कडेने जोरात वाहते आणि गाळ घेऊन तळ्यात उतरते. दिव्यांवर किडे गोळा होतात आणि काठावरचा अंधार जातो, जो रातबगळ्यांपासून वटवाघळांपर्यंत अनेकांना हवा असतो. आणि गुळगुळीत वाट पहिल्यांदा हेरतो तो मोटारसायकलवाला. फाटकाशी कितीही आडखांब लावा, जिथून सायकल आणि व्हीलचेअर जाऊ शकते तिथून मोटारसायकलही वाकडीतिकडी करून नेता येते. मुरमावर निदान तिला वेग घेताना विचार करावा लागतो.

आता बंदी मागणाऱ्यांकडे वळतो, कारण त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. सायकल धूर सोडत नाही, आवाज करत नाही, म्हणून ती निरुपद्रवी, असा आम्हा सायकलस्वारांचा एक लाडका समज आहे. पक्ष्यांना तो मान्य नाही. चारी बाजूंनी बंद असलेली गाडी जवळ येऊन थांबली तर पुष्कळ पक्षी जागा सोडत नाहीत. माणसाची आकृती दिसली की उडतात, मग ती चालत असो वा सायकलवर. त्यातून सायकल वळणावरून अचानक प्रकटते. थंडीत उतरलेली चक्रवाक, थापट्या, तलवार बदके परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवत असतात. प्रत्येक वेळी थवा उठला की त्या साठ्यातून खर्च होतो. एका माणसाने एकदा उठवला तर फारसे बिघडत नाही, पण रविवारी सकाळी दर दहा मिनिटांनी एक टोळी जात असेल तर बिघडते.

टिटवीचे तर प्रकरणच निराळे. ती घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर उथळ खळगा करते, भोवती खडे मांडते आणि साधारण चार अंडी घालते, तीही ठिपक्याठिपक्यांची, खड्यांत खडा होऊन जाणारी. म्हणजे आम्हाला जी खडी आवडते तीच तिलाही आवडते! मार्च ते ऑगस्ट हा तिचा मुख्य हंगाम. अंडी उबायला सुमारे चार आठवडे लागतात. पिल्ले बाहेर पडली की लगेच चालू लागतात, पण धोका जाणवला की पळत नाहीत, जागीच दबून बसतात. वाटेच्या कडेने कोणी टिटवी डोक्यावर घिरट्या घालत आरडाओरडा करत असेल तर फोटो काढायला थांबू नये. सायकलवरून उतरावे, पायाखाली बघत मधून चालत जावे आणि तिला लवकर मोकळे करावे. आणि अशा हंगामात एखादा टप्पा बंद ठेवला तर रखवालदाराशी वाद घालू नये.

तळी आणि सायकली एकत्र नांदू शकत नाहीत असे मात्र नाही. भरतपूरचे केवलादेव उद्यान १९८१ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आणि १९८५ पासून जागतिक वारशात आहे. तेथे लोक वर्षानुवर्षे सायकलने आणि सायकलरिक्षाने पक्षी बघत आले आहेत आणि तिथले रिक्षावाले पक्ष्यांची ओळख पटवण्यात तरबेज आहेत. इंग्लंडमधल्या रटलंड वॉटर या जलाशयाला वळसा घालणारी सायकलवाट आहे आणि त्याच जलाशयाच्या पश्चिम टोकाला राखीव क्षेत्र आहे, जिथे १९९६ पासून मत्स्यगरुड (ऑस्प्रे) पुन्हा आणून वसवण्यात आले आणि २००१ मध्ये त्यांचे पहिले पिल्लू झाले. दोन्ही ठिकाणी सायकलला जागा आहे, पण कुठवर जायचे ते पाण्याच्या आणि पक्ष्यांच्या सोयीने ठरते.

आमच्या खेळाची अडचण अशी, की त्याचे नाव झाले ते अंतर आणि वेग यांमुळे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात २००६ साली सुरू झालेली आणि आता 'अनबाउंड ग्रॅव्हल' म्हणून ओळखली जाणारी शर्यत २०० मैलांची आहे. २०२२ साली इटलीतल्या व्हेनेतो भागात पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. ते सगळे माळरानांच्या आणि शेतांच्या निर्जन रस्त्यांवर शोभते. तळ्याभोवतीच्या चार-सहा कोसांच्या फेरीत तोच आव आणून कोणाचा विक्रम मोडायचा आहे? तरीही मोबाइलवरच्या ॲपमध्ये अशा वाटांचे टप्पे पाडले जातात आणि सर्वात वेगवान कोण याची यादी लागते. स्ट्राव्हा या अशाच एका ॲपमध्ये एखादा टप्पा धोकादायक म्हणून नोंदवला की तिथली क्रमवारी दिसेनाशी होते. ही नोंद कोणीही वापरकर्ता करू शकतो, त्यासाठी परिपत्रक काढावे लागत नाही. मी करत असतो. मित्रांच्या शिव्याही खातो.

पावसाळ्याबद्दल मी कडक आहे. भिजलेल्या मुरमातून टायर गेला की चाकोरी पडते, पुढच्या सरीचे पाणी त्या चाकोरीतून वाहते, तिचा चर होतो. मग मागून येणारे चर चुकवायला गवतावरून जातात आणि वाट दुप्पट रुंद होते. मागचे चाक आवळून घसरत थांबण्याची हौसही वाटेची वरची साय उखडून टाकते. वाट वाळेपर्यंत चार दिवस घरी बसावे. शिवाय चिखलाबरोबर बी येते. गाजर गवताच्या एकेका झाडाला हजारो बिया धरतात आणि टायरच्या खाचांतून त्या आरामात प्रवास करतात. सायकल आत नेण्याआधी धुवावी, आणि धुवावी ती तळ्याच्या पाण्यात नव्हे. साखळीचे तेल आणि साबण तिथे उतरवणाऱ्यांना मी पाहिले आहे.

पायी चालणाऱ्यांशी आमचे जे खटके उडतात ते बहुधा मागून न सांगता आल्यामुळे. घंटी लावावी, लांबून वाजवावी, दुर्बिणीची तिपाई लावून उभ्या असलेल्या माणसाजवळ पाय टेकावा. चाकाच्या मधल्या महागड्या हबचा किर्रर्र आवाज हीच घंटी, असे मानणारे काही महाभाग आहेत. पक्षीनिरीक्षकांना तो आवाज किती प्रिय आहे ते त्यांनी एकदा विचारावे. फेरीची दिशा सर्वांसाठी एकच ठरवली तर समोरासमोर येण्याचे प्रसंगही पुष्कळ कमी होतील, आणि त्याला खर्च एका पाटीचा.

अशा तळ्यांच्या सुशोभीकरणाच्या योजना जिथे जिथे आखल्या जात असतील, तिथल्या नागरिकांनी आराखडा मागवून वाटेच्या आडव्या छेदाचे चित्र पाहावे. त्यात मुरूम आणि कडेचे गटार दाखवले असेल तर ठीक. काँक्रीटचा थर आणि दिव्यांचे खांब दाखवले असतील तर हरकत निविदा निघण्याआधी, लेखी आणि मुदतीत नोंदवावी. सायकलस्वारांच्या गटांनी या हरकतीवर पहिली सही करावी, कारण वाट फरसबंद करताना नाव आमचेच पुढे केले जाते.

आपला,
एक सायकलस्वार वाचक