रांजणाची भिंत दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावाहून राम राम.

डास-किड्यांचा अभ्यास करणाऱ्या तुम्ही पुण्याहून आलात तेव्हा माझा धाकटा नुकताच डेंग्यूतून उठला होता. दवाखान्यात सहा दिवस काढले. प्लेटलेट्स रोज उतरायच्या आणि मी कॉटच्या कडेला बसून ते आकडे पाठ करायची. घरी आल्यावर जो तो एकच बोलायचा, घरात पाणी साठवून ठेवता ना, म्हणून झालं. नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी येतं, साठवू नको तर काय करू? पण ऐकून ऐकून मलाच वाटायला लागलं होतं की लेकराला मी आजारी पाडलं.

तुम्ही तसं बोलला नाहीत. ओट्यावर बसलात आणि आधी विचारलंत, "ताई, पाण्याची पाळी किती दिवसांची?" मग बोटांवर मोजून दाखवलंत. अंड्यातून अळी, अळीतून कोष, कोषातून डास, आपल्याकडच्या उबेत सगळं आठ-दहा दिवसांत. आमची पाळी त्याहून लांब. नळाला पुन्हा पाणी येण्याआधीच डास उडून गेलेला असतो. चूक माझी एकटीची नव्हती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं. मॅडम, ते ऐकून मी आत जाऊन रडले होते.

तरी मी म्हटलं, रांजण मी दर पाळीला रिकामा करते. तुम्ही टॉर्च घेऊन वाकलात, सासूबाईंनाही बोलावलंत. आत वळवळणाऱ्या अळ्या बघून त्या ओरडल्या, "माय वं, पानीमा किडा शेतस!" पण तुम्हाला दाखवायचं होतं ते पाण्याच्या वर, भिंतीवर. भिंगातून दिसले ते काळे ठिपके, खसखशीहून बारीक. एडिस, म्हणजे डेंग्यू पसरवणारा डास, त्याची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्यालगतच्या ओल्या भिंतीला चिकटवते. ती वाळली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. म्हणजे मी इतकी वर्षं पाणी ओतून देत होते आणि अंडी तशीच ठेवून त्यावर नवं पाणी भरत होते. "ओतू नका, घासा," एवढंच तुम्ही म्हणालात. काथ्याने घासायचं, कोरडं करायचं, मग भरायचं आणि तोंडाला फडकं बांधायचं.

तुमचं खरं काम गोचिडांवरचं, हे नंतर कळलं. गोचिडी धरायला आमच्या बांधावरच्या गवतावरून तुम्ही पांढरं कापड ओढत चाललात तेव्हा पोरं मागे धावत होती. गोचीड गवताच्या शेंड्यावर पुढचे पाय वर करून बसते, त्याच पायांनी आपल्या श्वासाचा वास घेते, आणि जवळून गेलेल्याला चिकटते. 1957 साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, माणसं तापाने फणफणली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या लोकांनी गोचिडांपर्यंत माग काढला, तेही तुम्ही पोरांना सांगितलंत. धाकटा अजून ती गोष्ट सगळ्यांना सांगत फिरतो.

माझं लक्ष मात्र आमच्या गाईत होतं. आदल्या वर्षी आमची संकरित गाय थायलेरियाने, गोचिडींतून होणाऱ्या आजाराने, गेली. ताप, मानेजवळच्या गाठी, चारा बंद. समजेपर्यंत उशीर झाला होता. आम्ही रोज गोचिड्या वेचायचो, तिथेच टाकायचो किंवा बोटांत चिरडायचो. तुम्ही हात धरून थांबवलंत. चिरडलेल्या गोचिडीतून माणसालाही काँगो ताप होऊ शकतो, आणि 2011 साली तो शेजारच्या गुजरातेत आढळला होता. मग मला गोठ्याच्या भिंतीशी नेलंत. रक्त पिऊन टम्म झालेली मादी गळून पडते, भेगेत शिरते आणि हजारोंनी अंडी घालून मरते. गाईच्या अंगावर दिसतात त्या थोड्या, बाकीच्या भिंतीत.

रांजण असो की गोठा, तुम्ही आम्हाला भिंतीकडेच वळवलंत. आम्ही दोन्हीकडे रोज वावरायचो, पण तिकडे कधी बघितलंच नव्हतं. तुम्ही किती वर्षं जंगलात, प्रयोगशाळेत घालवून हे शिकला असाल. ते सगळं आमच्या ओट्यावर दोन दिवसांत मांडून गेलात, आणि जेवायला थांबा म्हटलं तर कळण्याची भाकर, ठेचा आवडीने खाल्लात.

भेगा सिमेंटने बुजवल्या, वरून चुना मारला. आता गोचिडी चिमट्याने काढून रॉकेलच्या डब्यात टाकते. यंदाची कालवड चांगली आहे, अंग चमकतंय. पाण्याची पाळी अजून दहा-बारा दिवसांचीच आहे. त्यासाठी आम्ही बाया ग्रामसभेत अर्ज दिलाय, त्यात तुम्ही बोटांवर मोजलेला हिशेब जसाच्या तसा लिहिलाय. परवा पाणी आलं तर धाकट्याने स्वतः काथ्या घेतला आणि रांजणात अर्धा आत शिरून घासत बसला.

पावसाळ्याआधी एकदा या. गोठ्याची मागची भिंत मला एकटीला नीट कळत नाही, ती तुम्ही बघून द्या.

तुमची,
ओट्यावरची ताई